आकडा दाखवणारी पाच यंत्रं: इंदूरच्या घरात कोणतं टिकतं, कोणतं खणात जातं

टीडीएस मीटर, प्लगमध्ये बसणारा वीजमापक, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, सामान तोलायचा हुकाचा काटा आणि सळईचा थर्मामीटर. पाचही मिळून अडीच-तीन हजारांच्या आसपास जातात. महारानी रोडची इलेक्ट्रिकची दुकानं आणि जेल रोडची बाजू धुंडाळली तर बहुतेक मिळून जातात, उरलेलं ऑनलाइन. यातलं एकही यंत्र स्वतः काही काम करत नाही. त्यांनी पाणी शुद्ध होत नाही की वीज वाचत नाही. ती नुसता आकडा दाखवतात. म्हणून इथे कसोटीही एकच लावली आहे: आकडा दिसल्यावर घरातल्या माणसाच्या हातून काही वेगळं होतं का? होत नसेल, तर यंत्र कितीही अचूक असो, पैसे फुकट.

सुरुवात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरपासून, कारण इंदुरात या पेनाएवढ्या वस्तूबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशाबद्दल नसतील. हा मीटर पाण्यातले क्षार मोजत नाही. तो दोन टोकांमधून पाणी किती वीज वाहून नेतं ते पाहतो आणि त्याला साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरावीक संख्येनं (गुणकानं) गुणून पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, दाखवतो. म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा हा अंदाज आहे, चांगला अंदाज. जंतू, सांडपाणी, कीटकनाशकं यांतलं काहीही त्याला दिसत नाही. १५० आकडा दाखवणारं पाणी आजारी पाडू शकतं आणि ७०० आकड्याचं पाणी नुसतं चवीला मचूळ असू शकतं. नळाला गढूळ किंवा वासाचं पाणी आलं तर मीटर खिशातच ठेवा आणि पाणी उकळा.

मग घ्यायचा कशाला? कारण इथल्या घरात दोन पाणी असतात. एक दिवसाआड नर्मदाकाठच्या जलूदहून पंपानं आलेली नर्मदा, आणि मधल्या वेळी बोरिंग. नर्मदेचा आकडा भारतीय मानकाच्या (आयएस १०५००) ५०० या इष्ट मर्यादेच्या बराच खाली असतो. माळव्याच्या काळ्या खडकातून आलेलं बोरिंगचं पाणी बहुतेक वस्त्यांत त्याहून पुष्कळ जड. दोन्ही एकाच हौदात पडत असतील तर आज तुम्ही नेमकं काय पिताय हे चवीवरून कळत नाही, मीटरवरून कळतं. नर्मदेच्या दिवशी थेट नळाचं, बोरिंगच्या दिवशी थेट पंपाचं आणि एरवी गच्चीवरच्या टाकीचं, असे तीन आकडे एकदा लिहून ठेवले की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. तुरीची डाळ, छोले, राजमा नर्मदेच्या पाण्यात शिजवायचे. बोरिंगमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळीचं साल आणि दाणा कडक राहतो, तीन शिट्ट्यांचं वरण सहा शिट्ट्या घेतं. नुसतं नर्मदेचं पाणी पिणाऱ्या घराला आरओची गरज आहे का, हा प्रश्नही तेव्हाच पडतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ५०० च्या आत टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओ वापरू देऊ नये असा आदेश दिला होता, तो उगाच नाही. साधारण घरगुती आरओ एक लिटर गाळताना तीनेक लिटर पाणी मोरीत सोडतो.

मोजायची रीत साधी, पण चुकते तीही तिथेच. टोपण काढा, पेला त्याच पाण्यानं विसळा, मीटर फक्त खुणेच्या रेघेपर्यंत बुडवा, हलकेच हलवून टोकांमधले बुडबुडे घालवा आणि अर्धा मिनिट थांबा. बुडबुडा अडकला की आकडा खोटा कमी येतो. रेघेच्या वर बुडवलं की पाणी सर्किटमध्ये शिरतं, आणि बहुतेक स्वस्त मीटर असेच मरतात. उकळतं पाणी नको. तापमानाचा हिशेब मीटर स्वतः करतो, पण साधारण ५० अंशांपर्यंतच. पडद्यावर बारीक अक्षरात ‘×१०’ दिसत असेल तर आकडा दहापट आहे. बोरिंगचं पाणी ‘फक्त १२०’ दाखवतं म्हणून खूश होणाऱ्यांनी तिकडे पाहावं.

मीटर खरा की खोटा, हे घरी तपासता येतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. एक लिटरमध्ये ५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्यातलं १०० मिली काढून ४०० मिली कोऱ्या डिस्टिल्डमध्ये मिसळा. हे झालं लिटरला १ ग्रॅमचं द्रावण. गुणक ०.५ असलेला मीटर इथे हजाराच्या आसपास आला पाहिजे, ०.७ वाला चौदाशेच्या आसपास. शंभराचा फरक चालेल, तीनशेचा नाही. थेट १ ग्रॅम तोलायला जाऊ नका. घरच्या काट्याला ते जमत नाही, त्याबद्दल पुढे येतंच.

आरओ असलेल्यांसाठी हा मीटर मेकॅनिकचा तोंडी हिशेब तपासायचं साधन आहे. आत जाणारं ९००, बाहेर येणारं ६०, म्हणजे आरओतला गाळणारा पडदा (मेम्ब्रेन) त्र्याण्णव टक्के क्षार अडवतोय, ठणठणीत. आत तेवढंच राहून बाहेरचा आकडा महिन्यागणिक १००, १५०, २०० असा चढत गेला तर पडदा बदलायला आला, किंवा कुणीतरी आतला टीडीएसचा स्क्रू फिरवून कच्चं पाणी जास्त मिसळलं. स्क्रू आधी बघा, पडद्याचे पैसे मग द्या. आकडा चांगला पण धार बारीक, तर दोष बहुधा पडद्याआधीच्या गाळणीत किंवा पंपात. ते आधी तपासा, पडदा मग. मशीन बराच वेळ बंद असेल तर पहिला पेला मोजू नका, त्यात क्षार उतरलेले असतात. पाचेक मिनिटं चालू द्या.

आणि ती जुनी जादू: विक्रेता दोन पेल्यांत चार सळ्यांचं यंत्र घालतो, नळाचं पाणी क्षणात गंजकट तपकिरी होतं, आरओचं स्वच्छ राहतं. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नाही. सळ्यांतलं लोखंडच विजेनं विरघळून गंज होतं. आरओच्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते म्हणून ते पांढरं राहतं. त्याच आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ घालायला सांगा आणि गंमत बघा. घरात वॉटर सॉफ्टनर बसवून टीडीएस उतरला नाही म्हणून भांडणाऱ्यांसाठीही एक सूचना: सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो, एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात. त्याची परीक्षा थेंब मोजून करायच्या हार्डनेस किटनं होते. एकंदरीत दोन-तीनशे रुपयांत याहून कामाची वस्तू शोधून सापडणार नाही, पण ती महिन्यातून एकदाच लागते. रोज मोजणारे लोक असतात. त्यांना तेवढं एक समाधान.

वीजमापकाचा हिशेब वेगळा. हा सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये बसतो आणि वॅट, युनिट, व्होल्टेज, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती, तो हिस्सा) दाखवतो. घेताना दोन गोष्टी बघा. एक, तो मोठ्या पिनांचा, १६ अँपिअरचाच हवा. २००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, ६ अँपिअरच्या मापकात तो लावला तर प्लास्टिक वितळतं. दुसरी, पॉवर फॅक्टर दाखवत नसेल तर सोडून द्या. असे काही स्वस्त मापक नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर करतात आणि साध्या एलईडी दिव्याचे वॅट जवळपास दुप्पट सांगतात. लावल्यावर दहा मिनिटांनी प्लगला हात लावा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर सॉकेट सैल आहे, आधी ते बदला.

मध्य प्रदेशात याचं खरं महत्त्व बिलाच्या रचनेमुळे आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिली १०० युनिटं शंभर रुपयांत पडतात. १५१ वर गेलात की ती सवलत जाते. म्हणजे १४०–१६० च्या पट्ट्यात असणाऱ्या घरात पाच-सात युनिटांना त्यांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त वजन आहे. आणि ती पाच-सात युनिटं बहुधा सेट-टॉप बॉक्समध्ये सापडतात. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी बॉक्स दहाएक वॅट खात बसतो. १० वॅट, चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ७.२ युनिट. टीव्ही स्वतः बंद असताना एका वॅटच्याही आत असतो, त्याच्यामागे लागू नका. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरचंही तेच. ‘सगळे स्विच बंद करा’ हा घराघरातला उपदेश सरसकट असतो. मापक नेमका स्विच दाखवतो. रात्री टीव्ही पाहून झाला की बॉक्सचा स्विच भिंतीवरून बंद करायचा. सवय एवढीच, पण ती कोणत्या स्विचला लावायची हे आकड्याशिवाय कळत नाही.

गीझरचं गणित मोजून बघण्यासारखं आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ०.७ युनिट लागतं, २००० वॅटच्या गीझरला वीस-एकवीस मिनिटं. यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागत असेल तर बहुधा गरम पाणी मध्येच कुठे तरी गळतंय किंवा कुणीतरी नळ सोडतंय. बोरिंगच्या पाण्यानं कॉइलवर पापुद्रा चढतो त्याचा मापकावर पत्ता लागत नाही. वॅट तेवढेच दिसतात, कारण वीज तेवढीच जाते. फक्त कॉइलची उष्णता बाहेर पडायला अडते, ती आतून तापत जाते आणि एक दिवस जळते. त्याची खूण कानाला कळते: गीझर तापताना तडतडायला लागला की आतून साफ करून घ्यायची वेळ झाली. फ्रिज मात्र तासभर मोजून निष्कर्ष काढू नका. कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, मधूनच बर्फ वितळवणारा हीटर लागतो. किमान चोवीस तास, जमलं तर दोन-तीन दिवस लावून ठेवा. वीज गेल्यावर काही मापकांची आठवण पुसली जाते. आत सेल असलेला घ्या किंवा सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा.

यातलाच वायफायवाला भाऊ म्हणजे स्मार्ट प्लग. तो मोजतो आणि वेळेवर बंदही करतो. जोडताना अडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं: प्लगला २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं, आणि मोबाइल ५ वर बसलेला असतो. राउटरमधून दोन्ही वेगळ्या नावांनी करा, काम होतं. गीझरला लावणार असाल तर सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर बंद’ निवडाच. नाहीतर दुपारी वीज जाऊन आली की कुलूपबंद घरात गीझर सुरू.

छताचा पंखा मापकात लावता येत नाही, पण त्यासाठी फुकटचं यंत्र दाराबाहेरच आहे. वीज कंपनीच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प’ किंवा ‘१६००’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका युनिटला तेवढ्या लुकलुकी. घरातलं सगळं बंद करा, इन्व्हर्टरचं चार्जिंगही (हे विसरलात तर सगळा हिशेब बिघडतो), फक्त पंखा पूर्ण वेगावर ठेवा आणि दहा लुकलुकींना लागलेला वेळ दहानं भागा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ भागिले तेवढे सेकंद, १६०० चा असेल तर २२५० भागिले सेकंद, उत्तर वॅटमध्ये. जुना पंखा पंधरा सेकंदांना एक लुकलुक देतो, म्हणजे ७५ वॅट. नवा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा सदतीस-अडतीस सेकंद घेतो, म्हणजे ३० वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलायची घाई नाही, हॉलमधल्याची आहे.

एकदा घर मोजून झालं की वीजमापकाचं काम संपतं. म्हणून तो विकत घेण्यापेक्षा सोसायटीत चार घरांनी मिळून घेतला तर उत्तम.

स्वयंपाकघरातला काटा मात्र ओट्यावरून हलू नये. पाच किलोपर्यंतचा, १ ग्रॅमच्या टप्प्याचा, साध्या ट्रिपल-ए सेलवर चालणारा घ्या. बटन सेलवाले देखणे असतात, पण सेल नेमका चकलीच्या भाजणीच्या दिवशी संपतो. ‘टेअर’ बटणाची सवय झाली की वाट्या-चमचे धुवायचं कामच कमी होतं: परात ठेवा, शून्य करा, पीठ घाला, शून्य करा, पाणी घाला. पाणी आणि दूध ग्रॅममध्येच तोला, मापाचा पेला नको. पोळ्यांची कणीक दोनशे ग्रॅमला पाणी किती, हे प्रत्येक गिरणीच्या पिठाला वेगळं असतं; एकदा मऊ कणकेचा आकडा डब्याच्या झाकणावर लिहिला की घरात कुणीही मळो, पोळी तशीच होते. सासू-सुनेचा एक वाद तरी मिटावा.

याची फसवी जागा ऐकून ठेवा. हे काटे दर क्षणी स्वतःचं शून्य सांभाळत असतात. चिमूट-चिमूट मीठ किंवा यीस्ट टाकत गेलात तर प्रत्येक चिमटीला त्यांना आपलं शून्यच जरा सरकलंय असं वाटतं आणि ते ती गिळतात. आकडा शून्यावरच थांबतो, पदार्थ खारट. उपाय दोन: पदार्थ एकदम टाका, किंवा बरणी काट्यावर ठेवून शून्य करा आणि चमच्यानं बाहेर काढत जा, काढलेलं वजन उणे चिन्हानं दिसतं. पाच ग्रॅमच्या खाली विश्वास ठेवू नका. काट्याखाली फडकं किंवा प्लास्टिकची चटई असेल तर वजन चुकतं. परीक्षा घ्यायची तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. जुनी असोत की नवी, ७७ ग्रॅमच्या जवळ आली पाहिजेत.

हुकाचा काटा लोक प्रवासाच्या बॅगेसाठी घेतात आणि वर्षातून एकदा वापरतात. त्याचं खरं काम गॅसच्या टाकीवर आहे. टाकीच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर ‘टीडब्ल्यू’ लिहून रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, बहुधा पंधरा-सोळा किलो. त्यात १४.२ मिळवा, भरलेली टाकी तेवढी भरली पाहिजे. सिलिंडर आणून देणाऱ्याकडेही काटा असायला हवा आणि तो मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पण दाराशी घाई असते, म्हणून घरचा बरा. तोलताना रेग्युलेटर काढून टोपी लावा, कड्यातून मजबूत दोरी ओवा, काट्याच्या मुठीतून लोखंडी कांब घाला आणि दोघांनी दोन टोकं धरून टाकी उभीच, दोन-तीन सेंटिमीटर उचला. एकट्यानं हातानं उचललं की हात थरथरतो आणि आकडा नाचतो. ५० किलोच्या या काट्यात पडद्यावर १० ग्रॅमचा टप्पा दिसला तरी शे-पन्नास ग्रॅम इकडेतिकडे धरूनच चाला. पिठाच्या बंद दहा किलोच्या पिशवीवर आधी पडताळा. त्याच पट्टीवर ‘बी-२७’ असं काही असेल तर ती टाकीच्या तपासणीची मुदत आहे: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे साल. मुदत टळलेली टाकी परत पाठवा. दर आठवड्याला तोललं तर पुढची टाकी कधी नोंदवायची ते ऐन सणाच्या सकाळी कळण्याची वेळ येत नाही.

थर्मामीटर सगळ्यांना लागेल असं नाही. घरी दही लावणाऱ्यांना लागेल, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा इंदूरची रात्र दहा अंशांखाली उतरते आणि दही सकाळी दुधासारखंच असतं. विरजण दुधात जाताना दूध ४२–४३ अंशांवर हवं. पन्नासच्या वर गेलं की विरजण मार खातं, पस्तिशीच्या खाली गेलं की रात्रभर काही हलत नाही. बोट घालून अंदाज घेणाऱ्यांचं बोट थंडीत गार असतं, त्यामुळे त्यांना कोमट दूधही गरम वाटतं आणि ते आणखी निववतात. चुकतं ते तिथे. श्रीखंडाचा चक्का करायचा असेल तर एवढी एक गोष्ट सांभाळली तरी पुरे.

तो तपासताना मात्र पाठ्यपुस्तकातलं १०० विसरा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या जरा वर उकळतं. उकळत्या पाण्यात ९८ दाखवणारा थर्मामीटर बरोबर आहे, तो परत करू नका. भरपूर बर्फ आणि थोडं पाणी यांच्या काल्यात ० यायला हवं, ही परीक्षा सगळीकडे सारखी. साखरेच्या पाकालाही हाच नियम: पाककृतीत एकतारीसाठी १०५ लिहिलं असेल तर इथे १०३ लाच बोटांमधली तार बघायला लागा. सळईचा अंश ओळखणारा भाग टोकाच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरात असतो. पातेल्याच्या तळाला टेकवलं की तळाचा आकडा मिळतो, पदार्थाचा नाही. आणि तळणीच्या कढईत तो ठेवून देऊ नका, वरचं डोकं प्लास्टिकचं आहे.

दुकानदार यांच्यासोबत तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळही गळ्यात मारायला बघेल. स्वस्तातल्या घड्याळात दमटपणाचा आकडा पाच-सहा टक्के सहज चुकतो. पावसाळ्यात कूलर बंद करून खिडक्या उघडायची वेळ अंगाच्या चिकचिकीवरून त्याच्याआधी कळते. नको.

खरेदी करताना टीडीएस मीटर आणि थर्मामीटर दोन्ही एलआर४४ सेलवर चालणारे निवडा, एकाच पत्त्यात दोन्हींचं भागतं. आकडा पुसट झाला किंवा आपोआप उड्या मारू लागला की दुरुस्तीआधी सेल बदला, बहुधा तेवढंच असतं. महिनाभर वापरायचे नसतील तर सेल काढून ठेवा, गळालेला सेल आतल्या पट्ट्या खातो. लहान मूल असलेल्या घरात हे बटन सेल उघड्यावर नकोत. पोटात गेला तर थेट दवाखाना, घरगुती उपाय नाही. संपलेले सेल सुक्या कचऱ्यात टाकू नका. महापालिकेच्या गाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, ते त्यात जातात.